मधले टप्पे

९ नोव्हेंबर २०२५
तांडा, पोस्ट डोंगरकडा

प्रिय आरोही,

कागदावर का, असं तू विचारशील. ईमेल केला असता तर तू दोन ओळींत उत्तर दिलं असतंस आणि त्या दोन ओळी मी महिनाभर वाचत बसले असते. व्हॉट्सॲपवर मला तुझा फोटो दिसत नाही. एप्रिलपासून दिसत नाही. माझा तुला दिसतो का, माहीत नाही. मी माझ्याकडून काही बदललेलं नाही.

मी पुण्याहून आई-बापाच्या घरी आले आहे. याडी आणि बापू गेल्या आठवड्यात ऊसतोडीला गेले. यंदा टोळी कर्नाटकात आहे. तांडा रिकामा झाला. कुलपं लावलेली घरं, थोडी म्हातारी माणसं, आणि मी. बापूच्या आत्याला, भिकाआजीला, आता कमी दिसतं, तिच्याजवळ कुणीतरी हवं, असं मी सरांना सांगितलं. प्रबंध लिहायला इथे शांतता मिळेल, असंही सांगितलं. दोन्ही खरं आहे. तुझ्या खुर्चीवर आता एक नवा मुलगा बसतो आणि तो दिवसभर पाय हलवतो, हेही खरं आहे.

भिकाआजीने लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, तू त्या डब्यात काय बघतीस. मी सांगितलं, आपली सूर्यमाला ज्या दीर्घिकेत आहे तिच्याभोवती न दिसणारा पदार्थ आहे, डार्क मॅटर. त्याचे लहान-मोठे पुंजके दीर्घिकेभोवती फिरतात. खरे पुंजके दिसत नाहीत म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये कणांचं एक खोटं विश्व तयार करतो, त्यात ते कसे जमतात, कसे फाटतात ते बघतो.

“दिसत न्हाई, तर हाय म्हनून कशानं म्हनता?”

“आजूबाजूच्या चांदण्यांना ते ओढतात, त्यावरून.”

“म्हंजी भूत हाय.”

“भूत नाही, आजी.”

“दिसत न्हाई, वढतंय, आन मोजाया पुन्याला जावं लागतंय. भूत न्हाई तर काय? सरकार तुला भुताचा पगार देतंय व्हय?”

तू असतीस तर हसली असतीस. मी हसले नाही, कारण मग ती आणखी दोन तास तेच बोलली असती.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. तुझ्या पेपरात म्हटलं आहे की दीर्घिकेच्या मध्याजवळ गेलेले पुंजके फाटून संपतात, म्हणून आतल्या भागात ते जवळजवळ नाहीतच. माझं म्हणणं होतं की ते संपतात की आपला मोजणारा प्रोग्रॅम त्यांना हरवतो, हे आपण तपासलेलं नाही. मध्याजवळ आधीच इतकी दाटी असते की त्यात शिरलेला पुंजका प्रोग्रॅमला वेगळा ओळखू येत नाही. हे मी तुला दोनदा एकटीला सांगितलं. तिसऱ्यांदा सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. त्याची माफी मी मागणार नाही. मला तुझा हेवा वाटतो म्हणून विचारलं, असं संस्थेत काही जण म्हणतात. तू तसं म्हणालीस का, ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

तपासायची रीत सोपी आहे. पुंजका आत शिरण्याआधी त्याचे कण खुणेने बांधून ठेवायचे, बाजारात जनावरं मिसळली तर ओळखावीत म्हणून शिंगाला रंगाचा पट्टा मारतात तसे, आणि प्रोग्रॅम काहीही म्हणो, प्रत्येक टप्प्यावर तेच कण कुठे आहेत ते बघायचं. एकत्र असतील तर पुंजका जिवंत आहे. पांगले असतील तर तुझं बरोबर.

त्यासाठी ते खोटं विश्व चालताना साठवलेले मधले टप्पे लागतात. संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, क्लस्टरवर, आता फक्त शेवटचा टप्पा उरला आहे, मधले जागेसाठी पुसले गेले. ते तुझ्या काळ्या हार्डडिस्कवर आहेत आणि जर्मनीला जाताना तू ती डोंगरकड्याच्या घरी ठेवलीस. मला ती वापरायची परवानगी हवी. तुझी तिथली नोकरी दोन वर्षांची आहे आणि पुढचं या पेपरवर ठरणार, हे मला कळतं. काय निघेल ते मला माहीत नाही. मी चूक निघाले तर सगळ्यांना सांगेन. मी बरोबर निघाले तर आधी तुला सांगेन.

परवानगी दिली नाहीस तर मी डिस्कला हात लावणार नाही.

दिपा


२३ नोव्हेंबर २०२५

आरोही,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल की नाही, शंका आहे. डोंगरकड्याच्या पोस्टातल्या माणसाने पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

“जर्मनी? पाव्हणे हायेत का तिकडं?”

“मैत्रीण आहे.”

“मंग फोन काहून करत न्हाई?”

मी पर्समध्ये पैसे शोधू लागले. त्याने पाकिटाचं वजन केलं, पुस्तकात दर शोधला आणि म्हणाला, “भांडन झालेलं दिसतंय. भांडनाची पत्रं लई जड असतात.” रांगेतले दोघे हसले. मीही हसले आणि पावती घेतली.

बाहेर पडले तर समोर तुझे बाबा.

“काय गं दिपा, आमच्या गावात येऊन परस्पर निगाली काहून? घर इसरली का?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी चालू केली होती. घरी गेले. तुझ्या चुलतभावाचं, मुंजाजीचं, लग्न चार डिसेंबरला आहे, ते तुला माहीतच असेल. रंग देणं चालू आहे म्हणून माळ्यावरचं सगळं सामान ओट्यावर काढलं होतं. तुझी सायकल, तुझे दहावीचे गाईड, आणि तो स्टीलचा डबा. बाबांनी तो उघडला. वायरींच्या गुंत्यात काळी हार्डडिस्क होती.

“हे बग, आरोहीचं मशीन. तुझ्या कामाचं हाय का? घिऊन जा. इथं धूळ खाऊन राहिलंय.”

आरोही, माझा हात पुढे गेला नाही. मी तो मांडीखाली घेतला.

“नको काका. आरोहीला विचारल्याशिवाय नको.”

“तिला काय इचारायचं? नांदेडला तुमी दोघी एका ताटात जेवलेल्या.”

“तरी नको.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “बरं. न्हाई तर न्हाई,” म्हणाले आणि डबा बाजूला सरकवला. त्यांना वाईट वाटलं. मी त्यांच्या घरातली वस्तू नाकारली असं त्यांना वाटलं असेल. मला ते लगेच सांगता आलं असतं की तसं नाही, पण मग कसं आहे तेही सांगावं लागलं असतं.

तुझ्या आईने, आशाकाकूंनी, चहा देताना विचारलं, “तुमच्यात काई झालंय का गं? ती तुझं नावच काढत न्हाई.”

मी म्हणाले, “तिच्याकडे नेटवर्क नसतं, काकू.”

“जर्मनीत? आन आपल्या मळ्यात हाय!”

मग त्या कप विसळायला गेल्या.

मी डिस्क घरी नेली असती तर तुला कधी कळलंही नसतं. हे मी तुला ऐकवायला लिहीत नाही. मला ती न्यायची होती. परत येताना रिक्षात मी तेच मोजत होते, किती दिवसांत किती टप्पे बघून झाले असते. पण तुझ्या मागून काढलेल्या उत्तराचं मी काय करणार होते? ते तुला सांगतानाच चोरी सांगावी लागली असती.

म्हणून परत विचारते. देशील का?

दिपा


१२ डिसेंबर २०२५

आरोही,

उत्तर नाही. पत्राला तीन आठवडे लागतात, हे मी स्वतःला सांगते.

मुंजाजीच्या लग्नाला मला जाता आलं नाही, ताप होता. तुझ्या घरच्यांना तसा निरोप दिला आहे.

इथे नेट फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येतं. लॅपटॉप घेऊन मी तिथे बसते, क्लस्टरला जोडते, काल दिलेलं काम किती पुढे सरकलं ते बघते, खाली येते. खाली उतरल्यावर बोलायला कुणी नाही. भिकाआजी ऐकते, पण तिला सगळं मोठ्याने सांगावं लागतं. रिकाम्या तांड्यात स्वतःचा आवाज इतक्या मोठ्याने ऐकायला मला नको वाटतं.

याडीचा फोन आला होता. मागे फडावरचा ट्रॅक्टर ऐकू येत होता. “जेवलीस का?” “जेवले.” “काय करून राहिली?” “काम.” “झालं का ते?” “नाही.” ती दर वेळी विचारते, झालं का. तिचं काम संध्याकाळी मोळ्या भरल्या की झालेलं असतं. माझं का होत नाही, हे तिला समजत नाही आणि ती त्याचा राग करत नाही.

आजी सांगत होती, यंदा तांड्यातून चाळीस कोयते गेले. तुला ठाऊक आहे का, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं मोजत नाही, जोड्या मोजतो. एकटं माणूस अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुणी घेत नाही. मी सहज विचारलं, “मग यंदा एकूण माणसं किती गेली, आजी?” ती म्हणाली, “सांगितलं की, चाळीस कोयते.” सोबत गेलेली लेकरं, स्वयंपाकाला नेलेल्या म्हाताऱ्या, कुणीच त्यात नव्हतं. मी पुन्हा विचारलं तर वैतागली. “तुला मोजायचंच हाय तर जाऊन मोज.”

आपला प्रोग्रॅमही ठरावीक कणांच्या खाली पुंजका मोजत नाही. ती मर्यादा आपण दोघींनी ठेवली होती, दुपारी कँटीनमध्ये, फार विचार न करता. सगळे तीच ठेवतात म्हणून.

लिहिण्यासारखं एवढंच आहे.

दिपा


२१ डिसेंबर २०२५

आरोही,

तुझा मेसेज बुधवारी दुपारी आला. ‘बाबांकडून घे. मला काही सांगू नकोस.’ मी टाकीवर होते. तुझा फोटोही दिसला, बर्फात काढलेला. केस कापलेस. मी ‘धन्यवाद’ लिहून पाठवलं. संध्याकाळी बघितलं तर फोटो पुन्हा गेला होता आणि माझ्या ‘धन्यवाद’वर एकच खूण होती.

मला काही सांगू नकोस म्हणालीस, तरी हे सांगावं लागेल.

गुरुवारी सकाळी मी डोंगरकड्याला गेले. बाबा मळ्यात केळीला पाणी देत होते. मी म्हणाले, काका, आरोही हो म्हणाली, ती डिस्क द्या. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

“ती? ती तर फोटोवाल्याला दिली.”

वारंग्याच्या फाट्यावरच्या स्टुडिओवाल्याला. लग्नाचं शूटिंग तो ज्याच्या त्याच्या डिस्कमध्ये भरून देतो. त्याने सांगितलं होतं, एक मोकळी हार्डडिस्क आणून द्या. बाबांना वाटलं, घरात आहेच.

“म्या तुला इचारलं होतं, दिपा. तुझ्या कामाचं हाय का म्हनून. तू नको म्हनलीस.”

ते बरोबर बोलत होते. माझ्यासमोर, ओट्यावर, त्यांनी तेच विचारलं होतं. माझ्या ‘नको’चा त्यांनी तोच अर्थ घेतला जो कुणीही घेतला असता.

त्यांच्याच गाडीवर आम्ही फाट्यावर गेलो. स्टुडिओवाला तरुण आहे, बोलायला चांगला. “ताई, माझ्याकडं डिस्क आली की पयले फॉरमॅट मारतो. व्हायरस येतो न. आत काय होतं?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “कॉलेजचं काम होतं.”

“जुनं का?”

“हो.”

“मंग काई न्हाई,” तो म्हणाला.

हळद, लग्न, वरात, सत्यनारायण. ड्रोनचं वेगळं. डिस्क जवळजवळ भरली आहे. मी ती घरी आणून जे करता येतं ते सगळं करून बघितलं. काही फाईलींची नावं परत आली, पण त्यांच्या आत जे आलं ते कुठल्याच टप्प्याचं नव्हतं. ते वापरता येणार नाही. अर्धं वापरून बाकीचं अंदाजाने भरता येईल का, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो आला हे तुला सांगते.

दोन दिवस मला वाटत होतं की हे तूच सांगितलंस. आधी पुसून टाकायला सांगितलंस आणि मग मला ‘घे’ म्हणालीस. शेवटी मी बाबांना फोन करून आडून विचारलं, आरोहीला माहीत आहे का, डिस्क कुणाला दिली ते. ते म्हणाले, “तिला कशाला सांगू? वरडंल. तू बी सांगू नको, बाई. तिकडं एकटी राहती, तिच्या जिवाला घोर नको.”

म्हणजे तुला माहीत नव्हतं. तू खरंच दिली होतीस. तुझा पेपर उलटू शकेल अशी वस्तू तू मला एका ओळीत देऊन टाकलीस, आणि मी दोन दिवस तुझ्याबद्दल ते मनात धरून बसले.

तू म्हणालीस सांगू नकोस. बाबा म्हणाले सांगू नको. दोघांचंही न ऐकता हे पत्र उद्या टाकते आहे. बाबांवर रागावू नकोस. त्यांनी विचारलं होतं.

दिपा


२८ डिसेंबर २०२५

आरोही,

डिस्क परत द्यायला गेले होते. आशाकाकूंनी बसवून घेतलं, “तू लग्नात न्हवतीस, आता बगून जा.” टीव्हीला डिस्क जोडली.

मला ताप नव्हता. लग्नात कुणी तुझ्याबद्दल विचारलं असतं, तुमच्या दोघींचं कसं चाललंय म्हणून, आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. तापाचं खोटं त्यापेक्षा लहान वाटलं.

मी सगळं बघितलं. मुंजाजीला हळद लावताना त्याचा एक मित्र त्याच्या कानात हळद घालतो आणि तो ओरडतो, “अय, बहिरा करतो का लेका!” तुझ्या आत्या डीजेपुढे नाचतात. बाबा फेटा सारखा करत उभे आहेत आणि कुणीतरी मागून म्हणतं, “विश्वंभरराव, आता आपल्या पोरीचं कदी?” बाबा म्हणतात, “ती ग्रह-तारे बगून राहिली, तिलाच इचारा.” सगळे हसतात.

मग अक्षतांच्या आधी कॅमेरा काकूंकडे वळतो. त्यांच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये तू. त्या फोन कॅमेऱ्यापुढे धरतात. “हे बगा, आमची आरोही बी आली लग्नाला.” तू जाड स्वेटर घातला आहेस. मागे खिडकी आहे, तिथे अजून उजाडलेलं नाही. तू हात हलवतेस. काहीतरी बोलतेस, पण डीजेमुळे ऐकू येत नाही. मग चित्र अडकतं. तुझं तोंड अर्धं उघडं राहतं आणि काकू फोन हलवत म्हणतात, “गेली वाटतं.”

कॅमेरा दुसरीकडे जातो.

काकू म्हणाल्या, “मागं घेऊ का?” मी नको म्हणाले. नंतर मीच म्हणाले, घ्या. आम्ही ते तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा काकू बघत नव्हत्या, पदराने टीव्हीच्या कडेची धूळ पुसत होत्या. “एकटीच असती का गं ती तिकडं?” त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. आता हे खरं होतं.

तू काय बोललीस ते ओठांवरून लावायचा मी प्रयत्न केला. जमलं नाही. त्यात मी काहीही बसवू शकले असते, म्हणून सोडून दिलं.

दिपा


८ फेब्रुवारी २०२६

आरोही,

जानेवारीत मी सरांना सगळं सांगितलं, डिस्कचंही. ते आधी हसले. म्हणाले, पूर्ण सिम्युलेशन पुन्हा चालवायला रांगेत जागा मिळणार नाही, पण एकच दीर्घिका आणि तिचा परिसर घेतलास तर मिळेल. सुरुवातीची फाईल माझ्याकडे होती. तीच सुरुवात दिली तरी अगदी तेच पुंजके त्याच वाटेने येतील असं नाही, हे तुला माहीत आहे. हिशेबात कुठेतरी शेवटचा आकडा वेगळा पडतो आणि वाटा बदलतात. म्हणून तुझ्या पेपरातला अमुक पुंजका हाच, असं मी कुठेही म्हणणार नाही.

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. चालवलं.

आत जाणारे पुंजके आधीच खुणेने बांधले. सगळे टप्पे ठेवले, एकही पुसू दिला नाही. क्लस्टर सांभाळणाऱ्याने दोनदा जागेबद्दल मेल केला. दोन्ही वेळा मी नम्रपणे नाही लिहिलं.

तुझं काही अंशी बरोबर आहे. जे लहान पुंजके अगदी मध्यातून गेले ते खरंच फाटले. त्यांचे कण मी शेवटपर्यंत बघितले, ते पांगले, पुन्हा जमले नाहीत. हे मी तितक्याच स्पष्टपणे लिहिणार आहे.

पण बरेचसे फाटले नाहीत. प्रोग्रॅमच्या यादीतून ते नाहीसे झाले, तिथे त्यांच्यापुढे शून्य येतं, आणि माझे खुणेचे कण मात्र एकत्रच होते. बाहेरचे थर गेलेले, आतला गाभा घट्ट. काही पलीकडून बाहेर पडले तेव्हा प्रोग्रॅमने त्यांना नवा क्रमांक दिला, जणू ते आत्ताच जन्मले. आतला भाग तू लिहिलंस तितका रिकामा नाही. मी हे निरनिराळ्या मर्यादा लावून बघितलं, कारण असंच निघावं असं मला वाटत होतं आणि म्हणून माझा माझ्यावर भरवसा नव्हता. तेच निघालं.

आधी तुला सांगेन म्हणाले होते, म्हणून ही आकृत्यांची फाईल आणि हे पत्र या वेळी ईमेलने पाठवते आहे. कागदाला तीन आठवडे लागतात आणि तेवढं मी थांबणार नाही. उद्या सोमवारी सकाळी सरांना दाखवणार, मग लिहायला घेणार. पेपरवर तुझं नाव असावं असं मला वाटतं, कारण पहिलं विश्व आपण दोघींनी चालवलं होतं. पण ते तू म्हटल्याशिवाय मी घालणार नाही. तू स्वतःच आधी दुरुस्ती छापलीस तर मी माझं मागे ठेवेन. तू काहीच केलं नाहीस तरी मी छापणार आहे. यातून तुझं तिथे काय होईल, याचा विचार मी रोज करते आणि तरी छापणार आहे.

टोळी अजून महिनाभर येणार नाही. आज रविवार, आजीला भाकरी करून दिली की मी मोकळी आहे. दुपारपासून टाकीच्या जिन्यावर बसते. तिथे आवाज नीट येतो. फोन केलास तर मी उचलेन, ओरडलीस तरी ऐकेन. दिवस मावळेपर्यंत बसणार आहे.

दिपा